स्वावलंबीरावांचं इंजेक्शन

“पाच मिनिटांचं काम आहे,” हे वाक्य स्वावलंबीरावांच्या तोंडून बाहेर पडलं की त्यांची बायको आधी गॅस बंद करते, मग पाण्याचा मुख्य कॉक बंद करते, आणि मगच विचारते, “कशाचं?”

तिचंही काही चुकत नाही. कपाटाची एक बिजागरी कुरकुरत होती, ती नीट करतो म्हणून हे बसले, ते कपाट आज गॅलरीत आडवं पडलं आहे आणि त्यावर कुंड्या ठेवल्या आहेत. पाहुण्यांना ‘मुद्दाम तसं करून घेतलंय’ असं सांगावं लागतं. स्वावलंबीराव हे अर्थातच खरं नाव नव्हे. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी त्यांनी स्वतः ठोकलेली असल्यामुळे ती पडली आणि चपलांच्या रॅकमागे गेली. मागे उरलं ते सासऱ्यांनी ठेवलेलं नाव. कारण या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. जेवताना मीठ हवं असेल तर दोन माणसांच्या ताटांवरून हात लांब करतील, वाटी सांडतील, पण ‘जरा मीठ देता का’ म्हणणार नाहीत. रस्त्यात पत्ता विचारणार नाहीत. त्यामुळे बहुतेक समारंभांना हे आणि खुर्च्या परत न्यायला आलेला टेम्पो एकाच वेळी पोचतात. “आपला हात जगन्नाथ,” असं ते अभिमानाने म्हणतात. त्या हाताने आजवर काय काय केलं आहे ते जगन्नाथालाच ठाऊक.

असा माणूस पोटापाण्यासाठी काय करतो, तर कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो, आणि तेही जावा नावाच्या भाषेत. “मला सख्ख्या जावा नाहीत ना, म्हणून देवाने ही एक धाडली,” असं बायको म्हणते. औषधांच्या दुकानांना माल पोचवणाऱ्या एका कंपनीचं काम त्यांच्याकडे होतं. दुकानदाराने मागणी केली की ती निरोप होऊन एका रांगेत उभी राहते. रांगेच्या तोंडाशी एक कारकून बसवलेला असतो. माणूस नव्हे, प्रोग्रॅमच. त्याला का कोण जाणे, या धंद्यात बीन म्हणतात. निरोप आला की बीनने जागं व्हायचं, दुकानदाराच्या मोबाइलवर ‘आपली मागणी मिळाली. आभारी आहोत.’ असा संदेश पाठवायचा. इतकं आधीपासून चालत होतं. त्यापुढे मागणीची नोंद करायची, तेवढं स्वावलंबीरावांना जोडायचं होतं.

“पाच मिनिटांचं काम आहे,” त्यांनी ऑफिसात सांगितलं. तिथे बायको नव्हती, त्यामुळे कुणीच काही बंद केलं नाही.

ऑफिसातले साहेब धाकटे, म्हणजे वयाने. हुद्द्याने चांगले थोरले. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाला ते प्रेमाने ‘काका’ म्हणतात आणि ते प्रेम स्वावलंबीरावांना अगदी काळजात रुततं. “काका,” साहेब म्हणाले, “सोमवारी मोठ्या साहेबांना हे चालवून दाखवायचंय. चाललं तर उत्तम. नाही चाललं तर नव्या मंडळींना देऊन टाकू, आणि तुम्ही जरा निवांत व्हा, खाली, माहितीपुस्तिका विभागात.”

माहितीपुस्तिका विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली. जुनी झालेली माणसं तिथे नेऊन बसवतात. ऑफिसात त्याला पांजरपोळ म्हणतात. तिथे गेलेला माणूस पुन्हा वर आलेला कुणी पाहिलेला नाही. त्याचा फक्त डबा गरम व्हायला वर येतो. स्वावलंबीरावांची खुर्ची खिडकीजवळची होती. केस काळे होते तेव्हापासून ती त्यांची होती. तिच्यावरून उठून जिन्याखाली जायचं, हा नुसता विचारही त्यांना सोसेना. पण तसं कुणाला बोलून दाखवणं म्हणजे सहानुभूती मागणं झालं, म्हणून त्यांनी फक्त मान हलवली.

शनिवारी ऑफिसात रंगकाम निघालं, म्हणून ते घरीच आतल्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बसले. बीनच्या हाताखाली त्यांनी एक मदतनीस दिला. नोंद करायला त्या मदतनिसाला एक लेखनिक लागतो, आणि इथेच सगळी गोम आहे. या यंत्रणेत ज्याला जे लागेल ते त्याने स्वतः जाऊन आणायचं नसतं. कंटेनर नावाचा एक कर्ता असतो, घरातल्या आईसारखा. आपण फक्त ‘मला लेखनिक लागेल’ अशी खूण करून ठेवायची. तो वेळेवर आणून हातात देतो. या देण्याला इंजेक्शन म्हणतात, आणि जे लागतं त्याला डिपेंडन्सी. स्वावलंबीरावांना ही व्यवस्था मुळातच अपमानास्पद वाटायची. धडधाकट माणसाने हात पसरून बसायचं म्हणजे काय! पण नियम म्हणजे नियम. त्यांनी दातओठ खात मदतनिसाच्या कपाळावर खूण केली, प्रोग्रॅम चालवला, आणि लेखनिकाच्या जागी निघालं नल. नल म्हणजे काही नाही. शून्यसुद्धा नाही, शून्य निदान दिसतं तरी.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण नोंद झाली नाही की रांगेला वाटतं, निरोप पोचलाच नाही. ती बिचारी तोच निरोप पुन्हा पुढे करते. बीन पुन्हा जागा होतो, पुन्हा संदेश पाठवतो, पुन्हा नोंदीशी अडखळून पडतो, आणि निरोप फिरून रांगेत. हे असं न थकता चालू राहतं. चाचणीसाठी दुकानदाराचा म्हणून जो मोबाइल नंबर घातला होता, तो धाकट्या साहेबांचा होता. “मला घरबसल्या कळलं पाहिजे, काका, चालतंय की नाही,” असं म्हणून त्यांनी तो हौसेने दिला होता. आता त्यांना कळू लागलं.

“काका,” साहेबांचा फोन आला, “माझी मागणी मिळाली म्हणतोय.”

“हो साहेब. मिळाली.”

“परत मिळाली म्हणतोय.”

“हो, ते जरा...”

“बघा, परत! अहो काका, मी जेवायला बसलोय. माझी बायको विचारतेय ही आहे कोण, तुम्ही मागितलंत काय, आणि तिला मिळाल्याबद्दल ती एवढी आभारी का आहे!”

स्वावलंबीरावांनी घाईघाईने रांग रिकामी करायला घेतली. पण रांगेला हात लावायचा अधिकार परवानगी कक्षाकडे. त्या कक्षात शनिवारी एकच बाई असतात आणि त्यांचा आवाज कायम नुकतं उठल्यासारखा असतो. रांग रिकामी करायची तर साहेबांची मंजुरी लागेल, असं त्या म्हणाल्या. मंजुरीचा आकडा साहेबांच्या मोबाइलवर जाईल, तो साहेबांनी सांगायचा. इकडे साहेबांनी संदेशांना कंटाळून मोबाइल बंद करून ठेवलेला. म्हणजे संदेश थांबवायचे तर मोबाइल चालू हवा, आणि मोबाइल चालू व्हायचा तर संदेश थांबायला हवेत. बाईंना यात काहीच वावगं वाटलं नाही. “नियमात तसंच आहे,” त्या म्हणाल्या.

मग फोनवरच स्वावलंबीरावांचा आवाज चढला. “अहो बाई, सकाळपासून इंजेक्शन देतोय, पण आत काही जातच नाहीये! ... डिपेंडन्सी आहे म्हणून तर! तिच्याशिवाय एक पाऊल पुढे सरकत नाही! ... हो, पुन्हा पुन्हा तेच होतंय, माझ्या हातात राहिलेलं नाही ... तुम्ही फक्त परवानगी द्या, मी आजच्या आज बंद करतो!”

दाराबाहेर सासरे उभे होते. डोळ्याच्या ऑपरेशननंतर ते महिनाभर लेकीकडे राहायला आले होते. एका डोळ्यावर पट्टी होती, पण कान शाबूत होते. जन्मभर त्यांनी दवाखान्यात कंपाउंडरकी केलेली. अख्ख्या गावाला सुया टोचल्या, पण कधी कुणाला ‘आई गं’ म्हणू दिलं नाही, अशी त्यांची ख्याती. ‘डिपेंडन्सी’ हा शब्द त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकला होता आणि तो कोणत्या पेशंटबद्दल दबक्या आवाजात बोलतात हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते मटकन स्टुलावर बसले. मग जावयाच्या प्रेमापेक्षा धंद्याचा अभिमान वरचढ ठरला आणि ते आत आले.

“जावईबापू,” ते हळूच म्हणाले, “शीर सापडत नसेल तर मूठ आवळायची असते.”

स्वावलंबीरावांना वाटलं, म्हातारा धीर देतोय. “आवळलीच आहे हो,” ते म्हणाले.

“कधीपासून चाललंय हे?”

“हे? वीस वर्षं तरी झाली असतील. पण असा त्रास कधी झाला नव्हता.”

“वीस वर्षं!” सासऱ्यांनी उरलेला डोळाही मिटून घेतला. “आणि आता घेतलं की काय होतं?”

“काय व्हायचंय! नल येतोय.”

सासरे उठून मोरीत जाऊन नळ बघून आले. नळाला व्यवस्थित पाणी होतं. म्हणजे आता यांना भासही होतात, अशी त्यांनी मनाशी नोंद केली.

लेक घरी असती तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता. पण ती शाळेत मुख्याध्यापिका, आणि शाळेत तपासणी. ती दिवसभर बाहेर. पोटात राहीना म्हणून सासरे वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. काकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही. “शपथ आहे, कुणाला सांगणार नाही,” असं त्या म्हणाल्या, आणि मग तीच शपथ घेत बिल्डिंगभर ज्याने त्याने ते पुढच्याला सांगितलं. संध्याकाळी स्वावलंबीराव दूध आणायला उतरले तेव्हा जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाने त्यांच्या बाह्यांकडे बघितलं. तळमजल्यावरचे वकील, जे एरवी पार्किंगवरून भांडतात, त्यांनी खांद्यावर हात ठेवून, “मनुष्य आहे, घसरतो,” असं सांगितलं. स्वावलंबीराव दचकले. जिन्याखालच्या खोलीची बातमी इथवर पोचली? ऑफिसातली गोष्ट बिल्डिंगमध्ये फोडली कुणी? त्या रात्री ते या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. झोपेतही त्यांना ‘आपली मागणी मिळाली’ असं ऐकू येत होतं.

रविवारी त्यांनी संशयाची सुई सगळीकडे फिरवून पाहिली. खूण नीट होती. स्पेलिंग नीट होतं. कंटेनरला लागते ती सेटिंगची फाइल जागेवर होती. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. रागाने बंद करून प्रेमाने चालू केला. लेखनिकाला या घरातून उचलून त्या घरात ठेवलं. दर वेळी नल. एकच ओळ त्यांनी तपासली नव्हती: बीन मदतनिसाला कामाला लावतो ती. ती तपासायची गरजच नव्हती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती.

दुपारी कॉम्प्युटरवरच धाकट्या साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर साहेबांचा चेहरा ओढलेला दिसत होता. मागे त्यांची बायको फणकाऱ्याने येरझाऱ्या घालत होती. “काका, मोबाइल चालू केला की लगेच सुरू होतंय. स्पष्ट सांगा, उद्या दाखवता येईल की नाही? नाही तर मी आत्ताच नव्या मंडळींना...”

इतक्यात दार उघडलं. पुढे काकू, मागे सासरे, आणि मध्ये एक दाढीवाले, मऊ आवाजाचे गृहस्थ. काकूंचे सख्खे भाऊ, व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशक. सर्वांत मागे बायको, हातात चहाचा ट्रे, आणि चेहऱ्यावर ‘मला काहीच माहीत नाही, मी आत्ता अंघोळीहून येतेय’ असा भाव.

“घाबरू नका,” समुपदेशक खुर्ची ओढून बसत म्हणाले. “इंजेक्शनचं आम्हाला कळलंय. आम्ही सगळी आपलीच माणसं.”

“मला काही झालेलं नाही,” स्वावलंबीराव म्हणाले.

समुपदेशकांनी काकूंकडे समजुतीने पाहिलं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

“अहो, हे माझं मी सोडवीन!”

“सगळे असंच म्हणतात. माझं मी सोडवीन. हाच तर आजार आहे.” समुपदेशकांचा आवाज आणखी मऊ झाला. “तुमच्यासारखी माणसं काय करतात, मागत नाहीत. दर वेळी आपलं आपण काहीतरी नवीन उभं करतात. नवीन उपाय, नवीन निश्चय. दिसायला तो उत्तम असतो, पण आतून पोकळ. का? ज्यांनी त्याला आतून आधार द्यायचा, त्यांना तो कधी आणलात याचा पत्ताच नसतो! त्यांना माहीतच नाही, तर ते देणार काय आणि कुणाला?”

स्वावलंबीराव हसायच्या बेतात होते. ते तसेच थांबले.

“परत म्हणा,” ते म्हणाले.

“आपलं आपण नवीन आणू नका. मागा. देणारा द्यायला बसलाय.”

“न्यू!” स्वावलंबीराव एवढ्याने ओरडले की काकू सासऱ्यांच्या अंगावर आदळल्या. “अहो, न्यू! मदतनीस मीच न्यू करून आणलाय! कंटेनरला तो ठाऊकच नाही! परक्या पोराला कोण कशाला ताट वाढेल? म्हणून तो रिकामा! अरे देवा, मी गाढव आहे, गाढव!”

“रडू द्या,” समुपदेशक हळूच काकूंना म्हणाले. “हे चांगलं लक्षण आहे.”

पण ते रडत नव्हते. ते कॉम्प्युटरवर तुटून पडले होते. जावा भाषेत एखादी वस्तू स्वतः घडवून आणायची तर ‘न्यू’ हा शब्द लिहितात, आणि सवयीने, हात जगन्नाथ असल्यामुळे, त्यांनी तो लिहिला होता. मदतनिसाच्या कपाळावर मागणीची खूण होती खरी, पण मदतनीसच मागच्या दाराने आणलेला. त्यांनी ती ओळ खोडली, बीनलाही नुसती ‘मदतनीस लागेल’ अशी खूण करायला लावली, आणि प्रोग्रॅम चालवला. बीन जागा झाला. कंटेनरने मदतनीस दिला, मदतनिसाच्या हातात लेखनिक दिला, लेखनिकाने नोंद केली, आणि दोन दिवस वेड्यासारखी वळवळणारी रांग रिकामी झाली. पडद्यावर साहेबांनी भीत भीत मोबाइल चालू केला. तो गप्प राहिला. साहेबांची बायको थांबून त्याच्याकडे बघत राहिली.

“सुटलं!” स्वावलंबीराव म्हणाले आणि समुपदेशकांना त्यांनी कडकडून मिठी मारली. समुपदेशकांनी पुढे आपल्या केंद्रात ही केस ‘एकाच बैठकीत बरा झालेला जुनाट रुग्ण’ म्हणून बरेच दिवस सांगितली, असं कळतं. बायकोने नंतर सासऱ्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि “तरी बाह्या वर करून बघायला काय हरकत आहे?” असं विचारलं.

सोमवारी मोठ्या साहेबांसमोर सगळं बिनबोभाट झालं. मागणी केली, संदेश आला, नोंद झाली. मोठे साहेब खूश होऊन स्वतः हाताळून बघायला कॉम्प्युटरपाशी बसले. तेव्हा धाकट्या साहेबांनी स्वावलंबीरावांना बाजूला, खिडकीशी नेलं.

“काका, काम फर्स्ट क्लास. पण काल मी सगळं ऐकलं.” साहेबांचा आवाज समुपदेशकांसारखाच मऊ झाला होता. “मी कुणाला बोलणार नाही. पण तुमच्या तब्येतीला हा ताण बरा नाही. मी विचार केलाय, तुम्ही खालीच बसा. निवांत. फक्त पुस्तिका लिहायच्या.”

पूर्वीचे स्वावलंबीराव असते, तर एक शब्द न बोलता डबा उचलून जिना उतरले असते आणि खालची ट्यूबलाइटही स्वतःच बसवली असती. त्यांचा हात डब्याकडे गेलाही. मग त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. तिच्या हाताची कड त्यांच्याच कोपराने झिजली होती.

“साहेब,” ते म्हणाले, “ते इंजेक्शन सुईचं नव्हतं. सविस्तर सांगतो, तुम्ही हसाल, हसा. पण मला खाली जायचं नाही. मला इथेच बसायचंय. मी आजवर तुमच्याकडेच काय, कुणाकडेच काही मागितलं नाही. आज मागतोय. ही माझी मागणी समजा.”

साहेब काही बोलणार, तोच त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. पलीकडे मोठ्या साहेबांनी कौतुकाने बटण दाबलं होतं. धाकट्या साहेबांनी मोबाइल काढून वाचला. मग मान वर करून स्वावलंबीरावांकडे पाहिलं आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला. ‘आपली मागणी मिळाली. आभारी आहोत.’

दोघंही पुढच्या संदेशाची वाट बघत उभे राहिले. सवयच झाली होती. तो आला नाही.

“एकदाच आला, काका.”

“एकदाच मागितलं, साहेब.”

साहेब आधी नाकातल्या नाकात आणि मग खदाखदा हसले. “बसा हो,” ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले. स्वावलंबीराव बसले. डोळे पुसायला रुमाल सापडेना, तेव्हा साहेबांनी दिलेला त्यांनी मुकाट्याने घेतला.

रात्री जेवायला सगळे बसले. आमटी अळणी झाली होती. मीठ सासऱ्यांच्या पलीकडे होतं. सवयीने सासऱ्यांनी आपलं ताट मागे ओढून घेतलं आणि बायकोने पाण्याचा तांब्या उचलून धरला. पण हात आलाच नाही.

“जरा मीठ देता का?” स्वावलंबीराव म्हणाले.

बायकोच्या हातातला तांब्या तसाच राहिला. सासऱ्यांनी पट्टी नसलेल्या डोळ्याने जावयाकडे निरखून पाहिलं, मिठाची वाटी दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढे ठेवली आणि जन्मभराच्या अनुभवाने लेकीला म्हणाले,

“बसलं गं इंजेक्शन!”